शून्याच्या अलीकडे थांबलेलं रॉकेट

१२ डिसेंबर १९६५, फ्लोरिडा. टायटन-२ रॉकेटच्या टोकावर जेमिनी-६ए यानात वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड आकाशाकडे तोंड करून बसले आहेत. काउंटडाउन शून्यावर येतं. खाली इंजिनं पेटतात, त्यांचा आवाज वरपर्यंत पोहोचतो आणि समोरच्या फलकावरचं घड्याळ धावायला लागतं. रॉकेटने जमीन सोडली की हे घड्याळ आपोआप सुरू व्हावं अशी रचना होती. घड्याळ सुरू होतं आणि साधारण सव्वा सेकंदात इंजिनं बंद पडतात.

अशा वेळी काय करायचं याचा नियम ठरलेला होता. घड्याळ चालू आणि इंजिन बंद, म्हणजे रॉकेट जमिनीपासून थोडं वर आहे आणि आता ते इंधनाने भरलेल्या टाक्यांसकट खाली बसणार, फुटणार. पायांमधलं कडं ओढायचं, खुर्च्या दोघांना बाहेर दूर भिरकावतील. शिराने कडं ओढलं नाही. घड्याळ काहीही सांगो, त्याच्या पाठीला रॉकेट हलल्याचं जाणवलं नव्हतं. आणि रॉकेट खरोखरच हललं नव्हतं. तळाशी जोडलेला विजेचा एक प्लग वेळेआधी निसटला होता, त्यामुळे घड्याळाने उड्डाण झालं असं धरलं. उड्डाण तर झालेलं नाही हे गडबड ओळखणाऱ्या यंत्रणेच्या लक्षात आलं आणि तिने इंजिनं बंद केली.

त्या क्षणी शिरासमोर जो प्रश्न होता, तोच प्रश्न ऐनवेळी थांबणाऱ्या प्रत्येक रॉकेटच्या मागे असतो: रेघ ओलांडली की नाही? रेघेच्या अलीकडे शंका आली तर थांबायचं. पलीकडे गेल्यावर शंका आली तरी थांबायची सोय उरत नाही, कारण तिथे थांबणं म्हणजेच पडणं. काउंटडाउनचे शेवटचे दहा सेकंद या रेघेभोवती आखलेले असतात. 'प्रक्षेपण ऐनवेळी रद्द' अशी बातमी आली की आधी ही रेघ कुठे होती ते पाहावं, बाकीचं बरंचसं त्यातून उलगडतं.

बातम्यांमध्ये तीन वेगळ्या गोष्टींना 'रद्द' हा एकच शब्द लावला जातो, तेवढा गोंधळ आधी दूर करू. 'होल्ड' म्हणजे घड्याळ थांबवलं. अडचण सुटली की ते पुन्हा सुरू होतं. 'स्क्रब' म्हणजे आजचा प्रयत्न सोडून दिला. चांद्रयान-२ च्या वेळी १५ जुलै २०१९ च्या पहाटे हेच झालं. उड्डाणाला ५६ मिनिटं २४ सेकंद उरले असताना काउंटडाउन थांबवलं गेलं आणि यान २२ जुलैला निघालं. इस्रोच्या जीएसएलव्ही-डी५ या रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातून १९ ऑगस्ट २०१३ ला इंधन गळू लागलं, तेव्हा हाताशी ७४ मिनिटं होती. एवढ्या वेळात माणसं एकमेकांशी बोलू शकतात, आलेख पाहू शकतात, वाद घालू शकतात. तिसरा शब्द 'अबॉर्ट'. शेवटच्या सेकंदांत क्रम तोडला जातो तो हा, आणि तिथे कुणाशी बोलायला वेळ नसतो.

विझवता येणारी आग आणि न येणारी

रेघ कुठे पडणार हे रॉकेटच्या इंधनावर ठरतं.

घन इंधनात जळणारा पदार्थ आणि त्याला जाळायला लागणारा ऑक्सिजन देणारा पदार्थ आधीच एकत्र मळून, रबरासारखा घट्ट करून नळकांड्यात ओतलेला असतो. मधोमध वरपासून खालपर्यंत पोकळी असते. आग त्या पोकळीच्या भिंतीला लागते आणि आतून बाहेरच्या दिशेने इंधन खात जाते. बंद करायला तिथे झडप नाही, पंप नाही. एकदा पेटलं की संपेपर्यंत जळणार.

द्रव इंधनाचं इंजिन वेगळं. इंधन एका टाकीत, ऑक्सिजन देणारा पदार्थ म्हणजे ऑक्सिडायझर दुसऱ्या टाकीत. पंप दोघांना ज्वलनकक्षात ढकलतात, तिथे ते भेटतात आणि जळतात. झडपा मिटल्या की भेट थांबली आणि आग विझली. म्हणजे द्रव इंजिन पेटवून, नीट चालतंय का ते पाहून, नसेल चालत तर बंद करता येतं.

या फरकाचा फायदा घेऊन क्रम लावला जातो. ज्याला विझवता येतं ते आधी पेटवायचं, त्याच्याकडे बघायचं, खात्री पटली तरच न विझणारं पेटवायचं. अमेरिकेच्या स्पेस शटलची तीन मुख्य द्रव इंजिनं शून्याच्या ६.६ सेकंद आधी एकामागोमाग एक पेटत आणि दोन्ही बाजूंचे घन बूस्टर शून्याला. या ६.६ सेकंदांना आणखी एक कारण होतं. इंजिनं एका बाजूला असल्यामुळे ती पेटताच अख्खं शटल किंचित झुकायचं आणि परत सरळ व्हायचं. ते सरळ झालं की बूस्टर पेटवायचे. म्हणजे तपासणीचा वेळ आणि डोलण्याचा वेळ एकातच बसवला होता. मला ही रचना फार सुंदर वाटते. युरोपच्या एरियान-५ मध्ये मुख्य इंजिन शून्याला पेटायचं, त्याच्यावर सुमारे ७ सेकंद नजर ठेवली जायची आणि मग बूस्टर. तिथे शून्य उलटून गेल्यावरही रॉकेट जमिनीवरच असायचं.

ज्या रॉकेटांत पहिल्या टप्प्यात सगळंच द्रव आहे, तिथे रेघ म्हणजे लोखंडी पकड. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ ची पाच इंजिनं उड्डाणाच्या सुमारे ९ सेकंद आधी पेटायला लागत आणि पूर्ण रेटा येईपर्यंत चार मोठे बाहू रॉकेटला धरून ठेवत. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ ची नऊ इंजिनंही अशीच पकडीत असताना पेटतात. पकड सुटली की रेघ ओलांडली.

आपल्याकडच्या रॉकेटांत हा फरक फार स्पष्ट दिसतो. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन. एलव्हीएम-३ ला तर जमिनीवरून उचलतात ते दोन प्रचंड घन बूस्टर, प्रत्येकात सुमारे २०० टन इंधन. मधली द्रव इंजिनं हवेत, जवळजवळ दोन मिनिटांनी पेटतात. या दोघांच्या बाबतीत पेटवून बघण्याची सोयच नाही. त्यामुळे जी काही तपासणी व्हायची ती ठिणगी पडण्याआधी संपलेली असावी लागते. जीएसएलव्ही मात्र निराळं. त्याच्या मधल्या खांबात सुमारे १३९ टन घन इंधन आणि भोवती चार द्रव बूस्टर. हे चार बूस्टर ४.८ सेकंद आधी पेटतात आणि मधला खांब शून्याला.

जीएसएलव्हीचं पहिलंच उड्डाण होतं २८ मार्च २००१ ला, श्रीहरिकोट्यात. चार बूस्टर पेटले, ज्वाळा दिसल्या, धूर पसरला. पण त्यांतल्या एकाचा रेटा हवा तितका वाढला नाही. उड्डाणाला साधारण एक सेकंद उरला असताना संगणकाने चारही बंद केले. क्रम तसाच पुढे चालू राहिला असता तर काय झालं असतं हे समजायला फार कल्पना लढवावी लागत नाही. तीन बाजूंनी पूर्ण रेटा, चौथ्या बाजूने कमी आणि मध्ये विझवता न येणारं शंभराहून जास्त टन घन इंधन. त्या एका सेकंदात रॉकेट वाचलं, तळ वाचला, उपग्रह वाचला. तीन आठवड्यांनी, १८ एप्रिलला, जीएसएलव्ही उडालं.

इंजिन पेटतं तेव्हा आत काय चालतं

आपण बाहेरून पाहतो तेव्हा इंजिन 'पेटलं' की 'नाही पेटलं' एवढंच दिसतं. आत मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागेल असा क्रम चाललेला असतो. छोटा वायुजनक, म्हणजे थोडं इंधन जाळून गरम वायू तयार करणारा भाग, पेटतो, त्याच्या झोताने टर्बाइन फिरतं, टर्बाइन पंप फिरवतं, पंप इंधन आणि ऑक्सिडायझर पुढे ढकलतात, ठरलेल्या क्षणी ठरलेली झडप उघडते, ठिणगी तयार असते आणि आग लागते. इथे कुणीही आधी पोहोचून चालत नाही, उशिरा पोहोचूनही चालत नाही. आगीच्या आधी द्रव साचून राहिलं तर नंतर ते सगळं एकदम जळतं, आणि एकदम जळणं म्हणजे स्फोटच. अभियंते त्याला 'हार्ड स्टार्ट' म्हणतात. कधी त्याने इंजिनाला हादरा बसतो, कधी इंजिनच फुटतं.

२ ऑक्टोबर २०२० ला फाल्कन-९ एक जीपीएस उपग्रह घेऊन उडणार होतं. शून्याला २ सेकंद उरले असताना संगणकाने क्रम तोडला. नऊपैकी दोन इंजिनांच्या वायुजनकांत दाब अपेक्षेपेक्षा किंचित लवकर वाढत होता. इंजिनं काढून तपासली तेव्हा एका बारीक भोकात लाखेसारखा कडक थर सापडला. धातूवर प्रक्रिया करताना काही भाग झाकून ठेवायला एक लेप लावतात, नखांना लावायच्या रंगासारखा. तो नंतर पूर्ण निघाला नव्हता. भोक बुजल्यामुळे ती दोन इंजिनं घाईने पेटू पाहत होती.

त्यानंतर बाकीच्या इंजिनांत असा थर आहे का ते शोधलं गेलं. चार अंतराळवीरांना अंतराळ स्थानकावर नेणारं पुढचं रॉकेट, क्रू-१ मोहिमेचं, तयारीत होतं. त्याच्याही दोन इंजिनांत तोच दोष निघाला. ती बदलली गेली, मोहीम दोन आठवडे पुढे गेली आणि नोव्हेंबरच्या मध्याला चौघं सुखरूप निघाले. एका उपग्रहाचं प्रक्षेपण दोन सेकंद आधी थांबलं नसतं, तर ही दोन इंजिनं माणसं घेऊन जाणाऱ्या रॉकेटखाली तशीच राहिली असती. ऐनवेळच्या थांबण्याची किंमत मोजताना ही बाजू हिशेबात धरली जात नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

निर्णय कोण घेतं

माणूस नाही. काही दिसल्यावर बटण दाबायला माणसाला जवळपास पाव सेकंद लागतो, आणि तेही नेमकं काय पाहायचं हे आधी माहीत असेल तर. शेकडो आकडे एकाच वेळी बदलत असताना डोळ्यांना काहीच उलगडत नाही. म्हणून शेवटच्या टप्प्यात सूत्रं संगणकाकडे जातात. शटलमध्ये ती ३१ सेकंद उरले असताना यानातल्या संगणकांकडे जायची. इस्रोमध्येही शेवटच्या मिनिटांत स्वयंचलित क्रम सुरू होतो आणि माणसं पडद्यासमोर बसून राहतात. त्यांच्या हातात थांबवणं असतं, चालवणं नसतं.

संगणक हुशारी करत नाही. त्याला मर्यादा दिलेल्या असतात: ज्वलनकक्षातला दाब इतक्या ते इतक्या मध्ये, पंपाचा वेग इतका, टाकीतला दाब इतका, ही झडप उघडी, ती बंद, बॅटरीचं व्होल्टेज असं. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला की क्रम तुटला. कारण शोधायचं काम नंतर माणसांचं.

खरी कसोटी या मर्यादा ठरवण्यात आहे. त्या फार अरुंद ठेवल्या तर धडधाकट रॉकेटही वारंवार थांबेल. आणि प्रत्येक थांबण्याबरोबर टाक्या भरणं, रिकाम्या करणं, थंड करणं, पुन्हा गरम होणं हे आलं, त्यानेही यंत्र झिजतं. मर्यादा फार सैल ठेवल्या तर एके दिवशी बिघडलेलं रॉकेट त्यातून निसटून जाईल. शिवाय संगणकाला रॉकेट दिसत नसतं, त्याला फक्त सेन्सर काय म्हणतो ते कळतं. आणि सेन्सर खोटं बोलू शकतो.

फाल्कन-९ १९ मे २०१२ ला अंतराळ स्थानकाकडे पहिल्यांदा ड्रॅगन यान घेऊन जाणार होतं. अर्धा सेकंद उरला असताना, इंजिनं पेटलेली असताना, ते थांबलं. पाचव्या इंजिनात दाब जास्त होता. त्यात खरोखरच एक झडप सदोष निघाली, ती बदलून रॉकेट तीन दिवसांनी उडालं. इथे सेन्सर खरं बोलत होता. २९ ऑगस्ट २०२२ ला नासाच्या आर्टेमिस-१ या चांद्रमोहिमेचं रॉकेट थांबलं ते एक इंजिन पुरेसं थंड झालेलं नाही असं दिसत होतं म्हणून. हा निर्णय माणसांनी, वेळ हातात असताना घेतला होता. पुढे कळलं की इंजिनात थंड हायड्रोजन नीट पोहोचत होता, चूक सेन्सरची होती. दोन्ही वेळा थांबणंच योग्य होतं. जमिनीवर उभं असताना खोट्या इशाऱ्याची किंमत म्हणजे काही दिवस आणि काही इंधन.

आता तोच खोटा इशारा रेघेच्या पलीकडे आला तर?

याचं उत्तर एकाच मोहिमेत मिळतं. चॅलेंजर शटल १२ जुलै १९८५ ला एसटीएस-५१-एफ मोहिमेवर निघणार होतं. तीन सेकंद उरले असताना एका इंजिनाच्या शीतकाच्या झडपेत गडबड दिसली आणि संगणकाने तिन्ही इंजिनं बंद केली. सात अंतराळवीर खाली उतरले. २९ जुलैला तेच शटल उडालं. पावणेसहा मिनिटांच्या सुमारास मधल्या इंजिनाच्या तापमानाचे दोन्ही सेन्सर 'फार गरम' असं सांगू लागले आणि संगणकाने ते इंजिन हवेतच बंद केलं. थोड्याच वेळात दुसऱ्या इंजिनाचा सेन्सरही तसंच काही दाखवू लागला. तेही बंद झालं असतं तर एका इंजिनावर शटलला कक्षा गाठता आली नसती.

ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात इंजिनांवर नजर ठेवायचं काम जेनी हॉवर्ड या अभियंतीकडे होतं. इंजिन बिघडलेलं नाही, सेन्सर बिघडलेत, हे तिने ताडलं आणि मर्यादा निष्क्रिय करायला सांगितलं. म्हणजे यापुढे इशारा आला तरी संगणकाने इंजिन बंद करायचं नाही. अंतराळवीरांनी कळ फिरवली. उरलेल्या दोन इंजिनांवर चॅलेंजर ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत पोहोचलं आणि मोहीम पार पडली.

१२ जुलैला 'शंका आहे, थांब' हे बरोबर होतं. २९ जुलैला 'शंका आहे, तरी थांबू नकोस' हे बरोबर होतं. यान तेच, माणसं तीच, सतरा दिवसांचं अंतर. मधे फक्त ती रेघ.

दहा सेंटीमीटर पलीकडे

रेघ अर्धवट ओलांडली तर काय होतं हेही एकदा घडून गेलं आहे. २१ नोव्हेंबर १९६० ला मर्क्युरी-रेडस्टोन-१ हे मानवरहित रॉकेट फ्लोरिडातून निघालं आणि सुमारे १० सेंटीमीटर उचललं गेलं. तळाशी दोन विजेच्या जोडण्या होत्या आणि त्या ठरलेल्या क्रमाने सुटायला हव्या होत्या. त्या दिवशी क्रम उलटा झाला, सेकंदाच्या काही शतांशांचा फरक पडला. तेवढ्यात एक चुकीचा विद्युतप्रवाह वाहिला आणि इंजिन बंद झालं. रॉकेट खाली येऊन आपल्या पायांवर बसलं, थोडं डळमळलं, पडलं नाही.

वरच्या कुपीला, म्हणजे पुढे अंतराळवीर ज्यात बसणार होते त्या छोट्या यानाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्यापर्यंत 'इंजिन बंद' एवढाच निरोप गेला, आणि तिच्या हिशेबाने इंजिन अंतराळाच्या वाटेवर, काम संपल्यावरच बंद होतं. मग तिने पुढची कामं एकेक करून उरकायला घेतली. टोकावरचा सुटकेचा मनोरा पेटून एकटाच आकाशात निघून गेला. उंची कमी आहे हे पाहून हवाई छत्र्या बाहेर आल्या आणि रॉकेटच्या अंगावर लोंबू लागल्या.

आता तळावर इंधनाने भरलेलं, कशालाही न बांधलेलं रॉकेट उभं होतं. वारा छत्रीत शिरला असता तर ते आडवं झालं असतं. जवळ जायचं कुणी? टाकीला बंदुकीने भोकं पाडावीत अशीही एक सूचना आली होती. शेवटी ठरलं की काहीही करायचं नाही. बॅटऱ्या उतरू द्यायच्या, द्रव ऑक्सिजन आपोआप उडून जाऊ द्यायचा. दुसऱ्या दिवशी माणसं जवळ गेली. काही न करण्याचा निर्णय घेणं किती अवघड असतं हे या प्रसंगातून जितकं कळतं तितकं क्वचितच कळतं.

थांबल्यानंतरचा धोका

प्रेक्षकांसाठी थांबलं की संपलं. तळावरच्या माणसांचं अवघड काम तिथून सुरू होतं. समोर शेकडो टन इंधन आहे, इंजिनं तापलेली आहेत, स्फोटक बोल्ट आणि प्रज्वलक सज्ज आहेत. आधी त्यांना निःशस्त्र करायचं, मग दाब उतरवायचा, टाक्या रिकाम्या करायच्या.

डिस्कव्हरी शटल २६ जून १९८४ ला पहिल्यांदा उडणार होतं. इंजिनं पेटण्याचा क्रम सुरू झाला आणि चार सेकंद उरले असताना तुटला. आत सहा जण. थोड्या वेळाने तळाजवळ आग असल्याचा इशारा आला. जळत होता तो न जळता बाहेर पडलेला हायड्रोजन, आणि हायड्रोजनची ज्वाळा दिवसाउजेडी डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. त्यांनी घाबरून दार उघडून धूम ठोकली असती तर न दिसणाऱ्या आगीतून पळावं लागण्याची शक्यता होती. ते आत बसून राहिले. पाण्याचे फवारे सोडले गेले आणि बऱ्याच वेळाने सहाही जण नखशिखांत भिजून बाहेर आले. डिस्कव्हरी ३० ऑगस्टला उडालं. शटलची इंजिनं पेटून मग प्रक्षेपण थांबलं असे एकूण पाच प्रसंग घडले, शेवटचा १८ ऑगस्ट १९९४ चा, १.९ सेकंद उरले असताना. दर वेळी पुढच्या प्रयत्नाला काही आठवडे लागले, कारण एकदा पेटलेलं इंजिन तपासल्याशिवाय पुन्हा वापरता येत नाही.

इंजिन पेटलंच नसेल तर वाट कमी पाहावी लागते. तरी 'दहा मिनिटांनी पुन्हा करा' इतकं ते सोपं नसतं. फाल्कन-९ मध्ये द्रव ऑक्सिजन नेहमीपेक्षा जास्त थंड करून भरतात, म्हणजे तेवढ्याच टाकीत तो जास्त मावतो. थांबलं की तो गरम होऊ लागतो आणि अनेकदा दिवसच हातचा जातो. शिवाय जिथे जायचं ते ठिकाणही फिरत असतं. चांद्रयान-२ आठवडाभर उशिरा निघालं तेव्हा पृथ्वीभोवतीचा आणि चंद्राभोवतीचा मुक्काम नव्याने आखून उतरण्याची तारीख जवळपास तीच ठेवली गेली.

मग याला अपयश म्हणायचं का?

जपानमध्ये यावरून जाहीर वाद झाला. १७ फेब्रुवारी २०२३ ला एच-३ हे नवं रॉकेट तानेगाशिमाहून निघणार होतं. मुख्य द्रव इंजिनं पेटली, पण घन बूस्टर पेटलेच नाहीत. जमिनीकडच्या विजेच्या जोडण्या तुटताना उठलेल्या विद्युत खळबळीमुळे रॉकेटमधल्या नियंत्रकाचा वीजपुरवठा गेला आणि क्रम थांबला. पत्रकार परिषदेत प्रश्न आला की हे अपयशच नाही का. जाक्सा ही जपानची अंतराळ संस्था त्याला 'थांबवलं' म्हणत राहिली.

७ मार्चला एच-३ पुन्हा सज्ज झालं आणि या वेळी उडालं. पहिला टप्पा ठीक गेला. दुसऱ्या टप्प्याचं इंजिन पेटलं नाही. जमिनीवरून विनाशाचा आदेश द्यावा लागला आणि रॉकेटबरोबर त्यातला भूनिरीक्षण उपग्रहही गेला. फेब्रुवारीत तोच उपग्रह टोकावर सुखरूप होता. शब्दांचा वाद माझ्या मते या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मिटतो.

आपल्याकडे २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानच्या तयारीतलं टीव्ही-डी१ हे चाचणी-यान श्रीहरिकोट्यात उभं होतं. संकटकाळी अंतराळवीरांच्या कुपीला रॉकेटपासून खेचून दूर नेणारी यंत्रणा त्यात तपासायची होती. खराब हवामानामुळे आठची वेळ पावणेनऊवर गेली. पाच सेकंद उरले असताना घड्याळ थांबलं. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी लगेच सांगितलं की इंजिन ठरल्याप्रमाणे पेटलं नाही आणि यान सुरक्षित आहे. दोष इंजिनात नव्हता, देखरेख करणाऱ्या यंत्रणेत होता. तो शोधून, दूर करून दहा वाजता यान उडालं. सुमारे १२ किलोमीटर उंचीवर कुपी सुटली आणि किनाऱ्यापासून साधारण दहा किलोमीटरवर समुद्रात उतरली. माणसांना वाचवण्याची यंत्रणा तपासायला निघालेलं यान आधी स्वतःला थांबवता येतं का याची परीक्षा देऊन गेलं. ही परीक्षा वेळापत्रकात नव्हती, पण तितकीच मोलाची होती.

शिरा आणि स्टॅफर्डची गोष्ट मी अर्धी सोडली होती. तो प्लग निसटल्यामुळे इंजिनं बंद झाली, म्हणजे इशारा खोटा होता, असं सुरुवातीला वाटलं. मग अभियंत्यांनी नोंदी पाहिल्या. प्लग निसटण्याच्या परिणामाआधीच एका इंजिनाचा रेटा उतरायला लागला होता, आणि प्लगशी त्याचा काही संबंध नव्हता. शोधत गेल्यावर वायुजनकात धूळ जाऊ नये म्हणून लावलेलं एक झाकण सापडलं. काही महिन्यांपूर्वी काम करताना ते बसवलं होतं आणि काढायचं राहिलं होतं. प्लग जागेवर राहिला असता तरी ते इंजिन थांबणारच होतं. झाकण काढलं गेलं. तीन दिवसांनी, १५ डिसेंबरला, जेमिनी-६ए उडालं आणि त्याच दिवशी आधीपासून कक्षेत असलेल्या जेमिनी-७ पासून सुमारे ३० सेंटीमीटर अंतरापर्यंत जाऊन पोहोचलं. दोन मानवी यानं अवकाशात इतकी जवळ याआधी कधीच आली नव्हती. शिराने ते कडं ओढलं असतं तर यानाच्या खुर्च्या, झाकणं सगळंच गेलं असतं आणि ही भेट तेव्हा झाली नसती.

पुढच्या वेळी थेट प्रक्षेपण पाहाल तेव्हा आधी रॉकेट कोणतं ते बघा. पीएसएलव्ही किंवा एलव्हीएम-३ असेल तर खाली ज्वाळा दिसताक्षणी ते सुटलेलं आहे. जीएसएलव्ही असेल तर पाच म्हणता म्हणता चार बूस्टरांच्या ज्वाळा दिसतील आणि रॉकेट तरीही जागेवर असेल. फाल्कन-९ असेल तर तळाशी उजेड पडल्यावरही पकड काही क्षण घट्ट असेल. त्या क्षणांत आवाज आहे, आग आहे, आणि संगणक अजून आकडे तपासतो आहे.